काळी चार

“तंबोरा चढलाय, जयू. थोडा उतरव.”

ताईंनी डोळे न उघडताच सांगितलं. मी तारेतला मणी जरासा सरकवला आणि पुन्हा छेडून दाखवलं. त्यांनी सा लावून पाहिला, मान हलवली. अजून चढाच आहे म्हणाल्या. मण्यावर भागेना, म्हणून मी खुंटीला हात घातला. मी तारा उतरवत गेले तशा त्या खुलत गेल्या, आणि शेवटी “हां, आता बरोबर” म्हणून त्यांनी सा लावला. असा गोल, भरलेला सा, की माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात पेटीवर बसलेल्या वामनजींनी हळूच एक पट्टी दाबली. पेटीचा सूर वर राहिला, ताईंचा खाली, आणि दोन्ही एकमेकांना घासायला लागले. गाण्यातलं काही न कळणाऱ्या माणसानंही तोंड वाकडं केलं असतं.

“पेटी चढलीय,” ताई म्हणाल्या.

पेटी म्हणजे बोलूनचालून लाकूड आणि पितळ. ती एका आठवड्यात चढत नाही की उतरत नाही, हे ताईंना आमच्या दोघांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि त्या दिवशीचा रियाज तिथंच थांबला.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, अमरावतीची. ताई म्हणजे शशिकला देवपुजारी. साठी ओलांडली होती, पण मैफलीला बसल्या की पुढच्या रांगेतली तरुण मंडळी मांडी बदलायची विसरत. मी त्यांची शिष्या. गळा माझा बरा, पण चौकशा फार. असंच का, तसं का नाही, हे विचारल्याशिवाय मला घास गिळत नसे. “हिला राग शिकवायला घेतला की ही रागाचं गोत्र विचारते,” असं ताई लोकांना सांगत, आणि सांगताना त्यांना माझं कौतुकच वाटत असे, असा माझा समज आहे. वामनजी सगदेव ताईंच्या साथीला इतकी वर्षं होते, की ताई कुठं श्वास घेणार हे ताईंच्या आधी त्यांना कळायचं.

ताईंचा सा काळी चारचा. म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. गाणारा माणूस आपला सा एका पट्टीवर ठेवतो आणि त्याचं सगळं गाणं त्या सुरावर उभं राहतं. ताईंची पट्टी लहानपणापासून तीच होती, कारण त्यांच्या गुरूंची, माईंची, तीच होती. वय झालं की गायक पट्टी थोडी खाली आणतात. त्यात पाप काही नाही. पण ताईंसाठी ते एवढं सोपं नव्हतं, आणि त्याचं कारण होतं माईंची बरसी, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीची मैफल.

दर वैशाखात नागपूरला माईंच्या शिष्या जमायच्या. माईंच्या तंबोऱ्यांची जोडी बाहेर काढली जायची. ते तंबोरे काळी चारात लागायचे आणि कुणासाठीही उतरवायचे नाहीत, असा रिवाज. प्रत्येकीनं त्याच सुरात गायचं. जिला तो सूर झेपत नाही तिनं तंबोऱ्यापुढं मोगऱ्याचं एक फूल ठेवायचं, नमस्कार करायचा आणि श्रोत्यांत जाऊन बसायचं. एकदा फूल ठेवलं की ठेवलं. पुढच्या वर्षीपासून ती बाई नुसती ऐकायला यायची. हा नियम माईंनी घातला की मागून कुणी, हे मी विचारलं होतं. “असंच आहे,” एवढंच उत्तर मिळालं होतं.

बरसी महिन्यावर आली होती, आणि ताईंचा सा खाली यायला लागला होता.

आता एका मशीनबद्दल सांगायला हवं. त्या हिवाळ्यात ताईंचा आवाज कोरडा पडायला लागला. वरच्या सा वर गेल्या की मध्येच तडा जायचा, जुन्या बांगडीला जातो तसा. आमच्याकडची हवा आधीच कोरडी, त्यात उन्हाळा तोंडावर. ज्येष्ठमध झाला, खडीसाखर झाली, शेजारच्या काकूंनी सांगितलेला लवंगेचा धूरही झाला. धुरानं ताई आठवडाभर खोकत राहिल्या. शेवटी मीच त्यांना डॉक्टर मोहरीलांकडे नेलं. कान-नाक-घशाचे डॉक्टर, स्वतः गाण्याला येणारे. त्यांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं की आजार काही नाही, स्वरतंतू कोरडे पडतात. भरपूर पाणी प्या, आणि रियाजाआधी थोडा वेळ नेब्युलायझर घ्या. औषध नको, नुसतं सलाइनचं पाणी. मशीन त्याचं बारीक धुकं करतं, ते श्वासाबरोबर थेट स्वरतंतूंपर्यंत जातं. प्यालेलं पाणी तिथून जात नाही, ते दुसऱ्या नळीनं पोटात उतरतं. हे ऐकून ताई चकित झाल्या. आयुष्यभर मैफलीत घोट घोट पाणी प्यालेली बाई ती.

“त्यात काढा घातला तं?” बरोबर आलेल्या वामनजींनी विचारलं.

डॉक्टरांनी हात जोडले. काढा नाही, कापूर नाही, निलगिरीचं तेल तर अजिबात नाही. सलाइन, आणि वापरून झालं की वाटी उकळलेल्या पाण्यानं धुवून कोरडी करायची, नाहीतर फायद्याऐवजी जंतू आत जातील.

मशीन आलं. एखाद्या जेवणाच्या डब्याएवढं पांढरं खोकं, त्याला एक नळी, नळीच्या टोकाला छोटी वाटी आणि तोंडात धरायचा पाइप. चालू केलं की घरघर करायचं आणि पाइपातून धुकं यायचं. ताई ते तोंडात धरून आरामखुर्चीत बसल्या की वामनजी म्हणत, “हुजूर, हुक्का भरला काय?” सुरुवातीला ताईंना त्याची लाज वाटायची. देवपुजारीबाईंना दमा लागला अशी आवई उठली की आमंत्रणं आटतील, ही भीती. म्हणून मशीन मधल्या खोलीत, खिडकी लावून. पण गुण आला. दोन-तीन आठवड्यांत तो तडा नाहीसा झाला, आवाजाला जुनी ओल आली. कितीतरी वर्षांत ताई अशा गायल्या नव्हत्या.

आणि नेमका तेव्हाच सा उतरायला लागला.

वामनजींनी त्याचं कारण लगेच शोधून काढलं. तबल्याची पुडी दमट हवेत उतरते की नाही? कातडं ओलं झालं की सैल पडतं, सैल पडलं की सूर खाली. गळ्याचंही तेच. “पाणी मारून राहिले तुम्ही रोज गळ्यावर,” ते ताईंना म्हणाले, “मग तो उतरणार नाही तं काय चढणार?” इतकं साधं, सरळ आणि पटणारं होतं ते, की मलाही प्रश्न सुचला नाही. ही काही माझी नेहमीची रीत नव्हे.

ताईंनी मशीन बंद केलं. दुसऱ्याच दिवशी सा काळी चारावर, पेटीशी चपखल. वामनजींचा चेहरा बघण्यासारखा होता. पण चार दिवस गेले आणि वरच्या सा वर पुन्हा तडा. मशीन घेतलं की आवाज लोण्यासारखा, पण पट्टी खाली. नाही घेतलं की पट्टी जागेवर, पण आवाज फाटका. इकडे आड, तिकडे विहीर. घेऊन बघितलं, सोडून बघितलं, एक दिवसाआड करून बघितलं. दर वेळी तेच.

एका सकाळी मी गेले तर ताई अंगणातल्या मोगऱ्याजवळ उभ्या होत्या. झाडाला पाणी घालत नव्हत्या, फुलं तोडत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या.

“जयू, या वर्षी मी फूल ठेवते.”

मी म्हटलं, मशीन न घेता गा ना ताई, पट्टी तर बरोबर लागते.

“आणि माईंच्या तंबोऱ्यावर आवाज फाटला तर? तिथं बसून? नाही बाप्पा. त्यापेक्षा फूल बरं.” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “एकदा फूल ठेवलं की मी दुसरीकडे तरी कोणत्या तोंडानं गाऊ? जिथं शिकले तिथं गायला येत नाही, आणि अकोल्याला येतं?”

म्हणजे त्या नुसती बरसी सोडत नव्हत्या, गाणंच सोडत होत्या. मी घरी आले आणि जेवले नाही. आईनं विचारलं काय झालं, तर तिच्यावरच खेकसले.

संध्याकाळी मी एकटीच डॉक्टर मोहरीलांकडे गेले आणि पुडीची सगळी उपपत्ती त्यांच्यापुढं मांडली. ते हसले नाहीत, नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, पुडी हे मेलेलं कातडं असतं, स्वरतंतू जिवंत. जिवंत माणूस सूर लावतो तो तंतू ताणून, आणि किती ताणायचं ते मेंदू ठरवतो. ओल्या तंतूंनी उलट काम हलकं व्हायला हवं. “थोड्याशा सलाइननं पट्टी उतरते हे मला पटत नाही. पण उतरते हे तुम्ही सांगता, वामनराव सांगतात, पेटी सांगते. मग काहीतरी उतरवत असणार. काय, ते मला माहीत नाही.”

डॉक्टर ‘माहीत नाही’ म्हणाला की माणसं खचतात. मला उलट हुरूप आला. ज्याचं उत्तर कुणालाच ठाऊक नाही असा प्रश्न माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता.

मी ताईंच्या हातापाया पडून आणखी एका दिवसाचं वचन घेतलं. म्हटलं, मशीन घ्या आणि मला शेजारी बसू द्या. एरवी त्या वेळी मी बाहेरच्या खोलीत तंबोरे लावत असे, मधल्या खोलीचं दार बंद असे. मला नेमकं काय पाहायचं होतं हे मलाही सांगता आलं नसतं. मशीनकडे संशयानं बघायचं होतं, एवढंच. वाटीत सलाइन किती घालतात, ताई पाइप कसा धरतात, श्वास तोंडानं घेतात की नाकानं. सगळं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे अगदी शिस्तीत. ताई डोळे मिटून शांत बसल्या होत्या. मशीन घरघरत होतं. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मीही डोळे मिटून बसले.

धुकं संपलं. मी मशीन बंद केलं, बाहेर आले आणि तंबोरा लावायला बसले. वामनजी तेवढ्यात आले, चपला काढून पेटी उघडायला लागले. मी चारी तारा लावल्या, मणी बसवले, छान जवारी, तारांची ती भरीव गुंज, लागली. मला समाधान वाटलं.

“हे काय लावलंस?” वामनजी म्हणाले.

“काळी चार.”

त्यांनी पट्टी दाबली. माझा तंबोरा खाली होता. थोडाथोडका नाही, चांगला खाली.

“तुझाही सा उतरला काय?” ते थट्टेनं म्हणाले. “तू कधीपासून हुक्का ओढून राहिली?”

मी तंबोरा तसाच धरून बसले. मी धुकं घेतलं नव्हतं. माझा गळा कोरडा ठणठणीत होता. आणि मी गायले तरी कुठं होते? मी नुसता तंबोरा लावला होता, तोही कानानं. मग जे उतरलं ते गळ्यात नव्हतंच.

ताई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी त्यांना विचारलं, “ताई, मशीन तोंडात असताना तुम्ही काय करता?”

“काय करणार? श्वास घेते.”

“आणि मनात?”

ताईंना प्रश्न विचित्र वाटला असावा. पण त्यांनी उत्तर दिलं. माईंची शिकवण होती, की गायच्या आधी थोडा वेळ तोंड मिटून बसायचं, तंबोरा ऐकायचा आणि सा नुसता मनात धरायचा. मनात पक्का बसला की मगच तोंड उघडायचं. हे ताईंनी आम्हालाही शिकवलं होतं. “आता एवढा वेळ मशीनपाशी जातो, तं तेवढ्यात मी तेही उरकून घेते. बाहेर तू तंबोरा लावत असतेस ना.”

“तो तुम्हाला आत ऐकू येतो?”

ताई आठवायला लागल्या. मशीनच्या घरघरीत बंद दाराआडचा तंबोरा कुठून ऐकू येणार?

मी उठले. मधल्या खोलीतून मशीन उचलून आणलं, बैठकीवर वामनजींच्या पुढ्यात ठेवलं आणि रिकामंच चालू केलं. वामनजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. मग त्यांनी मान वाकडी करून कान लावला. त्यांचा हात आपोआप पेटीवर गेला. काळी चार दाबली. मशीन खाली होतं. तिच्या शेजारची, एक पायरी खालची पांढरी पाच दाबली. मशीन वर होतं. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत ते घरघरत होतं, एका सुरात, जराही न हलता. कोणत्याही तंबोऱ्यापेक्षा पक्कं.

“अरे बाप रे,” वामनजी म्हणाले.

रियाजाला बसताना आम्ही पंखा बंद करायचो, कूलर बंद करायचो, स्वयंपाकघरातला मिक्सरसुद्धा चालू द्यायचो नाही, की त्यांच्या आवाजानं कान बिघडायला नको. आणि ज्या यंत्रापाशी ताई रोज डोळे मिटून, मन लावून सा धरत होत्या, त्याचा आवाज कुणाच्या डोक्यात आला नाही. ते औषध होतं. औषधाला कोण आवाज म्हणतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला हसू आवरेना. वामनजीही हसायला लागले. त्यांची पुडीची उपपत्ती वाहून गेली होती, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. ते मशीन पुन्हा पुन्हा चालू करून त्याच्याशी पेटी ताडून बघत राहिले, नवा साथीदार मिळाल्यासारखे.

ताई हसल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या.

“म्हणजे माझा गळा उतरला नव्हता,” त्या म्हणाल्या.

“नाही ताई. गळ्यानं कानाचंच ऐकलं.”

“आणि कानानं?”

“कानानं जवळ जे होतं त्याचं.”

उपाय सोपा होता. मशीन आधी घ्यायचं आणि तेव्हा सा मनात धरायचा नाही. हवं तर घरच्या भाजीचा, दुधाचा विचार करायचा. मशीन बंद झालं की थोडं थांबायचं आणि मग तंबोऱ्यासमोर बसून माईंची शिकवण पाळायची. दुसऱ्या दिवशी तसं केलं. सा काळी चारावर, आवाज लोण्यासारखा. मी आनंदानं ताईंच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं.

“इतके दिवस मी त्या फुलाचाच विचार करत होते,” त्या म्हणाल्या. “कोणत्या हातानं ठेवायचं, उठायचं कसं, कुठं जाऊन बसायचं. तुला सांगते जयू, मी एवढी कुणाला भ्यायले नाही आयुष्यात.”

मी म्हटलं, झालं ना आता, संपलं. सुंठीवाचून खोकला गेला. त्या “हो” म्हणाल्या.

बरसीला आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं नागपूरला गेलो. मशीन माझ्या मांडीवर होतं. एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन. व्यासपीठावर माईंचा फोटो आणि त्यांचे ते दोन काळसर तंबोरे. एकावर मी बसले, दुसऱ्यावर माईंची नात. ताईंनी मागच्या खोलीत मशीन घेतलं. मी तिथून तंबोऱ्याकडे निघाले तेव्हा म्हणाल्या, “आज वांग्याच्या भाजीचा विचार केला.”

ताई गायल्या. मी त्यांच्या मागं बसून पुष्कळ मैफली ऐकल्या आहेत, पण तसं गाणं नाही. काळी चारात, माईंच्या तंबोऱ्यावर, वरच्या सा वर त्या गेल्या आणि तिथं मजेत थांबल्या. सभागृहात पान हललं नाही. वामनजींनी पेटी सोडून नुसतं ऐकलं. संपलं तेव्हा माईंचा मुलगा, तोही आता म्हाताराच, डोळे पुसत होता. मला वाटलं, आता ताई उठतील आणि आपण जेवायला जाऊ.

ताई उठल्या नाहीत. निवेदकानं पुढचं नाव घेतलं. प्रभावती खांडेकर. ताईंपेक्षा लहान, माईंच्या शेवटच्या शिष्यांपैकी. दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालेलं, तेव्हापासून आवाज खाली गेलेला, हे मला शेजारच्या माईंच्या नातीनं कुजबुजत सांगितलं. प्रभावतीबाई पायऱ्या चढून आल्या. नवी साडी नेसल्या होत्या. उजव्या हातात मोगऱ्याचं एक फूल होतं आणि तो हात त्यांनी पदराखाली धरला होता.

त्या तंबोऱ्यापुढं वाकल्या तेव्हा ताईंनी त्यांचं मनगट धरलं.

“बस,” ताई म्हणाल्या.

प्रभावतीबाईंना कळेना. “मला नाही जमत आता, शशीताई. काळी चार नाही जमत.”

“काळी चार नकोच. तू बस.”

आणि ताईंनी माझ्या मांडीवरचा तंबोरा आपल्याकडे ओढला आणि खुंटीला हात घातला. सगळं सभागृह एकदम जागं झालं. माईंचा मुलगा खुर्चीतून उठून पुढं आला.

“ताई, हे तंबोरे उतरवत नाहीत.”

“उतरतात,” ताई म्हणाल्या. “खुंटी फिरवली की उतरतात.”

“आईचा सूर आहे तो.”

“माझाही तोच आहे. आत्ता गायले मी त्यात. ऐकलंत ना सगळ्यांनी?” ताईंचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. “म्हणून आज हात लावतेय. मला जमत नसतं तं हात लावला नसता. तुम्ही म्हणाला असतात, म्हातारीनं स्वतःसाठी उतरवला. मला जमतं. हिला जमत नाही. एवढ्यासाठी हिनं उरलेलं आयुष्य तिथं खाली बसायचं?”

माईंच्या मुलानं एकदा फोटोकडे पाहिलं. मग मागं वळला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. त्याला पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण तो बसला.

तेव्हा मला कळलं, की मशीनचा सूर सापडला त्या दिवशी ताई का हसल्या नव्हत्या. त्या तेव्हापासून हेच ठरवत होत्या. आणि मी वेडी, मला वाटत होतं की कोडं मी सोडवलं.

ताईंनी तंबोरा पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला. तारा सैल झाल्या होत्या, त्यांना कुठलाच सूर नव्हता. “लाव,” त्या म्हणाल्या.

“कुठं लावू?”

“मला काय विचारतेस? तिला विचार.”

मी प्रभावतीबाईंकडे वळले. त्या फूल हातात धरून मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी विचारलं.

“बाई, तुमचा सा कुठं आहे?”

त्या व्यासपीठावर हा प्रश्न कुणी कुणाला कधी विचारला नव्हता. प्रभावतीबाईंनी डोळे मिटले. माईंच्या नातीनं आपल्या तंबोऱ्याच्या तारा हातानं थांबवल्या. मग बारीकसा, जपून ठेवलेला, काळी चारच्या खूप खालचा सा आला, आणि मी त्याच्याकडे खुंटी फिरवायला लागले.